वर्तुळाचा न्याय



एका स्थिर बिंदूपासून समान अंतरावर असणाऱ्या प्रतलातील सर्व बिंदूंचा संच म्हणजे वर्तुळ, ही व्याख्या आपली मुले शाळेत पाठ करतात. परीक्षा संपली की व्याख्या विसरली जाते. वर्तुळ मात्र आयुष्यभर सोबत राहते. सकाळच्या तव्यात ते असते, विहिरीच्या काठाला आणि गाडीच्या चाकाला असते, पाण्याच्या पाइपातही असते. आपण ते रोज हाताळतो, म्हणूनच त्याचा विचार करीत नाही.

पूर्वीच्या मदरशांत फिकह आणि मंतिक, म्हणजे धर्मशास्त्र आणि तर्कशास्त्र, यांच्या जोडीने ‘उकलीदस’ची भूमिती शिकवली जात असे. नसीरुद्दीन तूसी यांनी अरबीत सिद्ध केलेली तिची प्रत अभ्यासक्रमात होती. दीनचे ज्ञान घेणाऱ्या विद्यार्थ्याने त्रिकोण आणि वर्तुळे कशासाठी अभ्यासावीत? एक कारण उघड आहे : पुराव्याशिवाय बोलू नये ही सवय भूमिती लावते. पण आणखी एका प्रश्नापाशी ती आपल्याला आणून सोडते, आणि तो प्रश्न नीतीचा आहे. कोणत्याही माणसाच्या हाताने आजवर निर्दोष वर्तुळ काढलेले नाही. कोणत्याही बाजारात, कोणत्याही घरात आपण सामान्य माणसांनी निर्दोष न्यायही केलेला नाही. तरीही कुरआन न्यायाची आज्ञा देतो आणि आपल्या नात्यागोत्याविरुद्ध जात असला तरी न्यायावर ठाम राहा असे सांगतो. जे पूर्णपणे साधत नाही ते कर्तव्य कसे ठरते?

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. वर्तुळ हा आकार आपल्याकडे पवित्र नाही. ज्याच्याभोवती आपण तवाफ करतो तो काबा चौकोनी आहे. कुरआन भूमितीचे पुस्तक नाही आणि आयतींतून सूत्रे ओढून काढण्याचा खटाटोपही येथे करायचा नाही. सृष्टीकडे पाहून विचार करा, असे कुरआन वारंवार सांगतो. त्या आज्ञेच्या मर्यादेतच हे लेखन आहे.

विहीर, चाक आणि पंप

आपल्या पलूस तालुक्यात कृष्णाकाठची काळी जमीन आहे, ऊस आहे, द्राक्षबागा आहेत. पाण्यावाचून यातले काहीच उभे राहत नाही. म्हणून विहिरीपासून सुरुवात करू. समजा, ४४ फूट लांबीच्या काठाची विहीर बांधायची आहे. ती चौकोनी केली तर एक बाजू ११ फूट आणि तोंडाचे क्षेत्रफळ १२१ चौरस फूट. तेवढ्याच काठाची गोल विहीर घेतली तर त्रिज्या ७ फूट आणि क्षेत्रफळ सुमारे १५४ चौरस फूट. बांधकामाचा दगड तेवढाच लागतो, पाण्याला जागा मात्र सव्वा पटीहून जास्त मिळते. ठरावीक परिघात सर्वांत अधिक जागा सामावून घेणारा आकार वर्तुळाचाच. शिवाय चौकोनी विहिरीची सपाट भिंत मातीच्या दाबाने आत फुगते, तर गोल भिंतीतला प्रत्येक दगड शेजारच्या दोन दगडांत अडकून बसतो आणि बाहेरचा दाब त्यांना अधिक घट्ट करतो.

आता बैलगाडीचे चाक पाहा. तुंब्यातून निघालेले सारे आरे एकाच मापाचे असतात. त्यामुळे चाक फिरत राहते तरी आस जमिनीपासून त्याच उंचीवर राहते आणि वरचा ऊस हलत नाही. एका आऱ्याकडची धाव बोटभर आत दबली, तर हिसका त्या एकट्या आऱ्याला बसत नाही. प्रत्येक फेऱ्याला सगळी गाडी हिसका खाते आणि त्याचा भार बैलांच्या खांद्यावर पडतो.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या तालुक्यातल्या माळरानावर कारखाना वसवला. आधी नांगर, पुढे पंप, आणि किर्लोस्करवाडी हे नाव घरोघरी पोहोचले. पंपाच्या आत जे चाक फिरून पाणी फेकते, त्याचा मध्य आणि दांड्याचा मध्य एक असावा लागतो. दोहोंत थोडाही फरक राहिला की पंप थरथरतो, बेअरिंग तापते आणि शेवटी यंत्र निकामी होते. लेथवर काम करणाऱ्या कामगाराला हे सांगावे लागत नाही. बाहेरून चाक कितीही गुळगुळीत दिसो, मध्य चुकला असेल तर ते टिकणार नाही, हे त्याला ठाऊक असते.

या तिन्ही ठिकाणी वर्तुळाचा उपयोग एकाच गुणामुळे होतो : परिघावरच्या प्रत्येक बिंदूला केंद्र एकाच मापाने धरून असते. यात कोणी जवळचा नाही, कोणी दूरचा नाही.

केंद्रात कोणी बसत नाही

हे केंद्र म्हणजे काय? भूमितीत बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही. केंद्र जागा व्यापत नाही, तरी वर्तुळाचे सारे रूप त्याच्यावर अवलंबून असते. त्या केंद्रावर कोणी बिंदू जाऊन बसला तर तो परिघावर राहत नाही. इतरांशी असलेले त्याचे समान नाते तुटते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत हा विचार अगदी साध्या प्रसंगांतून दिसतो. हदीसमध्ये येते की बरकत अन्नाच्या मध्यभागी उतरते, म्हणून ताटाच्या कडेने खावे, मधून खाऊ नये. एका ताटाभोवती पाच-सहा जण बसतात तेव्हा प्रत्येकाच्या पुढ्यात कड येते. मध्य कोणाच्याच पुढ्यात नसतो. मध्यावर पहिल्याच घासाला हात घालणारा बाकी सर्वांची बरकत आपल्याकडे ओढू पाहतो.

दुसरा प्रसंग मशिदीतला आहे. प्रेषित (स.) सहाबांसह बसले असता तीन माणसे आली. एकाला त्या बैठकीच्या वर्तुळात, म्हणजे ‘हल्क्या’त, रिकामी जागा दिसली आणि तो तेथे बसला. दुसरा संकोचाने मागे बसला. तिसरा पाठ फिरवून निघून गेला. प्रेषितांनी तिघांचेही मोल सांगितले : पहिल्याने अल्लाहचा आश्रय घेतला आणि त्याला आश्रय मिळाला, दुसऱ्याने लाज राखली, अल्लाहने त्याची लाज राखली, तिसऱ्याने तोंड फिरवले, अल्लाहनेही त्याच्याकडे पाठ केली. या हदीसचा अर्थ लावताना आपण त्या तिघांचाच विचार करतो. आधीपासून बसलेल्यांकडेही थोडे पाहावे. त्यांच्या वर्तुळात उशिरा येणाऱ्या अनोळखी माणसासाठी जागा उरलेली होती.

काबाच्या भोवती तर हे सत्य डोळ्यांना दिसते. मस्जिदे हरममध्ये सफा वर्तुळाकार असतात. मक्केच्या विजयानंतर काबा मूर्तींपासून मुक्त झाला. त्याच्या आत पूजेची कोणतीही वस्तू नाही. हजरत उमर (रजि.) यांनी हजरे अस्वदसमोर स्पष्ट सांगितले की हा एक दगड आहे, त्याच्या हाती लाभ नाही की हानी नाही, प्रेषितांनी चुंबन घेतलेले पाहिले म्हणूनच आपण घेतो. म्हणजे ज्या केंद्राकडे सारी उम्मत तोंड करते, तेथे इबादत त्या वास्तूची होत नाही, तिच्या रब्बची होते.

पलूसच्या मशिदीत आपण सरळ ओळीत उभे राहतो. ती ओळही त्याच वर्तुळाचा एक तुकडा आहे. येथून मक्का साडेतीन हजार किलोमीटरहून दूर आहे. इतक्या मोठ्या वर्तुळाचा दहा मीटरचा कंस घेतला, तर त्याचा बाक केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतकाही भरत नाही. डोळ्याला ती सरळ रेषाच दिसते. कापडाच्या दुकानाचा मालक आणि त्याच्या दुकानात ओझी उचलणारा मुलगा त्या ओळीत खांद्याला खांदा लावून उभे असतात. इमाम पुढे उभा असतो, पण त्याचेही तोंड सर्वांप्रमाणे काबाकडेच असते. इमामसुद्धा केंद्र नसतो.

प्रश्न मशिदीबाहेर सुरू होतो. सलाम फिरवून चपला पायात घातल्या की आपल्यातला प्रत्येक जण आपले वेगळे वर्तुळ काढू लागतो आणि त्याच्या मध्यभागी स्वतः बसतो. लग्नाच्या दावतीत कोणाला कोठे बसवायचे हे त्याच्या गाडीवरून ठरते. मुलीसाठी स्थळ पाहताना मुलाचे दीन आणि चारित्र्य विचारण्यापूर्वी तो बागवान की शिकलगार, मुलाणी की पिंजारी, हे विचारले जाते. सूरह अल-हुजुरातच्या १३ व्या आयतीने वंश आणि जमाती केवळ ओळखीसाठी आहेत, प्रतिष्ठा तक्वावर ठरते, हे सांगून टाकले आहे. पाच वेळा एका केंद्राकडे वळणारा माणूस उरलेल्या वेळेत दुसऱ्या केंद्राभोवती फिरत असेल, तर त्याच्या जीवनाचे चाक थरथरणारच.

माप कुठे चुकते

वर्तुळाचा आणखी एक गुण आहे, आणि तो माहीत नसला की व्यवहारात नुकसान होते. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन इंची पाइपाच्या जागी चार इंची पाइप घातला तर पाणी दुप्पट येईल असे वाटते. प्रत्यक्षात पाइपाच्या तोंडाचे क्षेत्रफळ चौपट होते. पाण्याचा वेग सारखा धरला तर पाणीही चौपट येते. दोन भावांनी एका सामायिक विहिरीवर पाळी ठरवली, एकाने दोन इंची पाइप टाकला आणि दुसऱ्याने ‘जरासा मोठा’ म्हणून चार इंची. तास दोघांचे सारखेच. कागदावर वाटणी समान दिसते, पण एकाच्या उसाला चौपट पाणी मिळालेले असते. यात खोटे कोणी बोलले नाही, तरीही हक्क मारला गेला.

दुसरे उदाहरण लाकडाच्या वखारीतले. ओंडक्याचा घेर मोजतात, त्याचा चौथा भाग घेतात, त्याचा वर्ग करून लांबीने गुणतात. चार फूट घेर आणि दहा फूट लांबीचा ओंडका या हिशोबाने दहा घनफूट भरतो. गोल दंडगोल म्हणून मोजला तर तो पावणेतेरा घनफुटांच्या जवळ जातो. फरक पाव हिश्श्याहून अधिक आहे. करवतीखाली साल आणि कडांचे लाकूड वाया जाते, ते या रीतीत आधीच वजा धरलेले असते. खरेदीदार आणि विक्रेता दोघांनाही रीत ठाऊक असेल तर यात फसवणूक नाही. पण बांधावरचे जांभळाचे झाड विकणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला ही रीत माहीत नसेल, आणि समोरच्याला ते कळत असूनही तो गप्प राहिला, तर? सूरह अल-मुतफ्फिफीनची सुरुवातच घेताना पुरेपूर घेणाऱ्या आणि देताना कमी मोजणाऱ्यांच्या विनाशाने होते. तराजूची दांडी मारणारा सर्वांना दिसतो. सूत्राच्या आड लपलेली तूट फक्त जाणणाऱ्याला दिसते, म्हणून ज्याला समजते त्याच्यावर अमानत अधिक आहे.

त्रिज्या एक, कंस वेगवेगळे

येथे वाचक विचारतील : सर्व बिंदू समान अंतरावर, हे ठीक, पण शरीअतने तरी सर्वांना सारखे हिस्से कोठे दिले आहेत? मुलाचा आणि मुलीचा वारसा वेगळा आहे.

याचे उत्तर वर्तुळातच आहे. परिघाचे तुकडे लहानमोठे असू शकतात. एक कंस मोठा, एक छोटा. पण कोणत्याही कंसाच्या टोकापासून केंद्रापर्यंत रेषा ओढली, तर तिची लांबी तीच असते. लहान कंसासाठी त्रिज्या लहान होत नाही. त्याचप्रमाणे हिश्श्यांचे प्रमाण आणि जबाबदाऱ्यांचे प्रमाण निरनिराळे असेल, पण ज्या आज्ञेने मुलाचा हिस्सा ठरतो, त्याच आज्ञेने, तेवढ्याच बळाने, मुलीचाही ठरतो. सूरह अन-निसाच्या ७ व्या आयतीत पुरुषांचा हिस्सा सांगितला आणि लगेच स्त्रियांचाही सांगितला. मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, तो ठरवून दिलेला हिस्सा आहे.

आता आपल्या घरांत काय घडते ते प्रामाणिकपणे पाहू. वडिलांचे निधन होते. चाळिसावा होतो न होतो तोच तलाठ्याकडे वारस नोंद होते, आणि पाठोपाठ बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बोलावले जाते. हक्कसोड पत्र तयार असते. कोणी तिला दरडावत नाही. फक्त एवढेच म्हटले जाते, ‘तुझं माहेर तुटू नये, म्हणून.’ ती सही करते. मोबदल्यात तिला साडी-चोळी आणि ईदला येण्याचे आमंत्रण मिळते. मग भाऊ सांगतात, आमच्या बहिणीने खुशीने सोडले.

खुशी अशी पारखता येत नाही. उलेमांनी मार्ग सांगितलेला आहे : तिचा हिस्सा आधी मोजून वेगळा करा, तिच्या नावावर आणि ताब्यात द्या. त्यानंतर काही काळाने तिने स्वतःहून भावाला काही दिले, तर ती तिची देणगी. हातात काही आलेच नाही, तर तिने दिले काय? आणि ‘नाही’ म्हटल्यास माहेर तुटेल अशी भीती असेल, तर ती सही संमतीची नसते.

भावांनो, चाकाचा तो दबलेला भाग आठवा. हिसका फक्त बहिणीला बसतो असे समजू नका. ज्या जमिनीत तिचा हिस्सा मिसळला आहे, त्या जमिनीच्या उसाच्या बिलातून आपण हजची रक्कम बाजूला काढतो, मुलांची फी भरतो, रमजानमध्ये इफ्तार देतो. सगळी गाडीच हिसका खात चाललेली असते. आणि बहिणींनो, आपला हिस्सा मागणे म्हणजे लोभ नव्हे. अल्लाहने ठरवलेली वस्तू मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

केसभर फरक

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. पूर्ण न्याय साधत नाही, मग तो कर्तव्य कसा?

वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर कोणत्याही अपूर्णांकात पूर्ण बसत नाही. शाळेत आपण २२/७ घेतो. ती किंमत कामापुरती आहे. आर्यभटांनी ६२८३२/२०००० ही किंमत देताना तिला ‘आसन्न’, म्हणजे जवळ जाणारी, असे म्हटले. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मी यांच्या बीजगणितात हीच किंमत नोंदलेली आढळते. ११५० सालच्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी सूक्ष्म किंमत वेगळी आणि व्यवहारापुरती २२/७ वेगळी सांगितली; त्या ग्रंथाचे १५८७ मध्ये फैजी यांनी फार्सीत भाषांतर केले. ज्ञान असे हातोहात फिरत आले, आणि प्रत्येकाने नम्रपणे मान्य केले की आपण जवळ पोहोचलो आहोत, पूर्ण पोहोचलो नाही.

यांतले सर्वांत विलक्षण उदाहरण जमशीद अल-काशी यांचे. १४२४ साली त्यांनी परिघाच्या मोजणीवर एक ग्रंथ लिहिला. पृथ्वीच्या व्यासाच्या सहा लाख पट व्यासाचे वर्तुळ कल्पिले, तरी त्याच्या परिघात केसाच्या जाडीएवढीही चूक राहू नये, अशी अट त्यांनी स्वतःला घालून घेतली. वर्तुळाला चिकटत जाणारा ८० कोटींहून अधिक बाजूंचा बहुभुज कल्पून त्यांनी हिशोब हाताने केला आणि दशांश चिन्हापुढील सोळा स्थळांपर्यंत अचूक उत्तर आणले. ८० कोटी बाजू झाल्या तरी तो बहुभुज वर्तुळ होत नाही, हे त्यांना माहीत होते. त्या कारणाने ते चार बाजूंवर थांबले नाहीत.

किब्ल्याचा नियमही असाच आहे. काबा डोळ्यांसमोर असेल तर नेमके त्याच्याकडेच तोंड करावे लागते. दूर असणाऱ्यासाठी हनफी फिकहमध्ये दिशा पुरेशी मानली आहे. पलूसहून ती दिशा पश्चिमेपासून सुमारे १३ अंश उत्तरेकडे झुकलेली आहे. नमाजात पाय अंशभर वळले म्हणून नमाज मोडत नाही. पण सवलत आहे म्हणून विद्वानांनी शोध सोडला नाही. अल-बिरूनी यांनी गझनीचा किब्ला काढण्यासाठी एक सोडून अनेक पद्धतींनी गणित केले, म्हणजे एकीतली चूक दुसरीने सापडावी.

सूरह अल-अनआमच्या १५२ व्या आयतीत या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी आल्या आहेत. माप आणि वजन न्यायाने पूर्ण द्या, ही आज्ञा. आणि लगेच दिलासा की अल्लाह कोणावर त्याच्या कुवतीपलीकडचे ओझे टाकत नाही. आज्ञा पूर्णत्वाची आहे, जाब मात्र कुवतीचा घेतला जाणार आहे. कुवत संपल्यावर उरलेली चूक अल्लाहच्या क्षमेवर सोपवता येते. कुवत असताना ठेवलेली चूक मात्र आपली निवड असते, तिला अपूर्णतेचे नाव देता येत नाही. पाइपाचे माप बदलणे आपल्या हातात आहे. वखारीत समोरच्याला रीत समजावून सांगणे हातात आहे. बहिणीचा हिस्सा मोजून तिच्या नावे करणे तर पूर्णच हातात आहे. तेथे ‘माणूस अपूर्ण आहे’ हे वाक्य उच्चारण्याचा आपल्याला अधिकार नाही.

अरबीत परिघाला ‘मुहीत’ म्हणतात, वेढून घेणारा. कुरआनमध्ये अल्लाहचे एक विशेषण हेच आहे : तो प्रत्येक वस्तूला वेढून आहे. आपण कोणते माप कोठे लपवले, तेही त्या वेढ्याबाहेर नाही.

या महिन्यात, आपल्या घरात वडिलोपार्जित जमिनीचा व्यवहार अपुरा राहिला असेल, तर सातबारा काढून पाहा आणि त्यावर कोणाचे नाव नाही ते शोधा. अल्लाह तआला आपल्याला हक्क ओळखण्याची दृष्टी आणि तो हकदारापर्यंत पोहोचवण्याचे बळ देवो. आमीन.